बंदरावर बसायची जागा

गाव सुधारायला निघालं की गाव सुधारायच्या आधी किस्सेच तयार होतात. आमच्याकडे तर एवढे साठलेत की परवा चहाला बसलो, चहा गार झाला तरी संपेनात!

मी आर्किटेक्ट, मूळची सावंतवाडीची. शिरोड्याच्या पुढे एका लहान गावात बंदराजवळ मोकळी जागा आहे. तिथे बायका उन्हात बसून मासळी विकतात. सरपंच सुषमाताईंना तिथे गावाला निवांत बसता-बोलता येईल असं काहीतरी करायचं होतं, म्हणून त्यांनी मला बोलावलं. काहींना मात्र तिथे पर्यटकांसाठी पार्किंग हवं होतं. जागा एकच. दोन्ही होणं शक्य नव्हतं.

*

पहिल्याच मीटिंगला मी उत्साहाने सांगितलं, "लोकांनी येऊन रमावं अशी जागा घडवायची, याला प्लेसमेकिंग म्हणतात!"

भिकूकाका आयुष्यभर होडी चालवलेले. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाय, प्लेस देवान कधीच केल्यान हा. आता तुमी काय मेक करतलास?"

माझं प्रेझेंटेशन तिथेच संपलं. पुढे मी फक्त "बसायची जागा" असंच म्हणू लागले.

*

पक्के बाक करायच्या आधी अंदाज घ्यावा म्हणून आम्ही भेंडीच्या डेरेदार झाडाखाली माशांचे रिकामे क्रेट उलटे घातले आणि पाठ टेकायला प्रत्येकामागे एक उभा लावला. सगळे समुद्राकडे तोंड करून. काय सुंदर दिसत होतं! मी फोटो काढून मैत्रिणींना पाठवलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर सगळे क्रेट रस्त्याकडे वळलेले.

"काका, समुद्र मागे गेला की!"

"समुद्र खंय जाता? येस्टीतून कोण उतारता, ता नको बघूक?"

पक्के बाक करताना आम्ही पाठ टेकायची सोयच ठेवली नाही. ज्याला जिकडे बघायचं त्याने तिकडे बघावं!

*

जागेच्या मागच्या भिंतीवर चित्रं काढायला कॉलेजची मुलं आली. दिवसभर खपून त्यांनी एक भलंमोठं पापलेट रंगवलं. संध्याकाळी मासळीवाली लीलाबाई कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"बरा आसा. पण डोळो बघ त्येचो! शिळो मासो. माझ्या पाठसून असो मासो लावशात तर माझा ताजा कोण घेतला?"

मुलांनी मुकाट्याने डोळा परत रंगवला. आता ते पापलेट एवढं ताजं दिसतं की पर्यटक त्याच्यासोबत सेल्फी काढतात आणि मग लीलाबाईकडेच येतात.

*

तालुक्याहून एक साहेब जागा बघायला आले. बायकांच्या वतीने बोलायचं काम लीलाबाईकडे. तिने शुद्ध मराठीची चांगली तयारी केली होती.

साहेब बाकावर टेकले. लीलाबाईने सुरुवात केली, "साहेब, आपण आलात, आम्हांस फार आनंद झाला. ही जागा..."

तेवढ्यात बाकाखालच्या मासळीच्या टोपलीत मांजराने तोंड घातलं.

"ऊठ मेल्या थयसून!"

साहेब ताडकन उभे!

पण माणूस दिलदार. हसत हसत परत बसले आणि जाताना बांगडे घेऊन गेले.

*

शेवटी ग्रामसभा आली. बाक झाले होते, तरी ते ठेवायचे की काढून पार्किंग करायचं, हे तिथेच ठरणार होतं. सुषमाताईंनी ती त्याच जागेवर भरवली. पार्किंगची बाजू मांडायला अनंत उभा राहिला. त्याचं छोटं हॉटेल आहे. गाडी लावायला जागा नसली की गिऱ्हाईक तसंच पुढे जातं, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. माणसं माना डोलवू लागली.

बायकांच्या मध्ये अनंतची आई बसली होती. तिचा नवरा समुद्रावर गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून ती बंदराकडे फिरकलीही नव्हती. आम्ही क्रेट मांडल्यावर लीलाबाईने एक दिवस तिला हाताला धरून आणलं. मग ती रोज यायला लागली. बोलायची नाही, नुसती बसायची.

त्या दिवशी ती बोलली.

"अनंता, गाडये खंयय लावतले रे. मी खंय बसू?"

सुषमाताईंनी माइक अनंतच्या पुढे धरला. त्याने तो घेतला नाही. गर्दीतून वाट काढत तो आईच्या बाकापाशी गेला.

"आये, वायच सर गो."

आणि तिच्या शेजारी बसला.