आजोबांनी मुद्दाम बाहेर ठेवलेले दगड

फिनिशिंग नाही म्हणे!

विहिरीच्या आतल्या भिंतीतून दगड बाहेर आलेत, भावाच्या होमस्टेच्या गेस्टना बरं दिसत नाही. म्हणून कटर लावून ते छाटायचे आणि आतून गुळगुळीत सिमेंट मारायचं.

रविवारी गवंडी येणार. हे मला कळतं कुणाकडून? गवंड्याकडून!

सख्खा भाऊ माझा फोन उचलत नाही. फेसबुक मात्र दिवसभर बघतो. म्हणून बाळ्या, इथेच लिहिते. सगळ्यांना वाचू दे.

मी चौथीत शाळा सोडली. चुका काढू नका.

आज आजोबांचा दिवस. पान ठेवलं आणि लिहायला बसले.

आमचे आजोबा पावसचे, गलबतावर तांडेल. खलाशी त्यांच्या हाताखाली. इंग्रजांच्या अमदानीत लाकूड भरून पार बसऱ्यापर्यंत जायचे.

गलबत धक्क्याला लागताना एक ओंडका जरी काठाबाहेर राहिला, तरी शेजारच्या होडीतला माणूस जायचा. म्हणून आधी कुणीतरी बघून ओरडायचं.

मुंबईच्या गोदीत साहेब ओरडायचा, "स्टिक आऊट!"

बसऱ्याला अरब ओरडायचा, "यबरुज!"

दोन्हींचा अर्थ एकच, बाहेर आलंय. आजोबांनी दोन्ही शब्द घरी आणले.

जेवताना माझं कोपर बाळ्याला लागलं, की लगेच, "गो, स्टिक आऊट! यबरुज!"

खुंटीवरच्या कोयत्याचं टोक दिसलं, यबरुज. ओट्यावरून पाय लोंबला, यबरुज.

आजी वैतागायची. "अहो, हे घर आहे, गलबत नाही."

"घरातच जास्त लागतं," म्हणायचे.

बाहेर आलेला खिळा ज्याला खपायचा नाही, त्या माणसाने विहिरीत एवढे दगड बाहेर का ठेवले? बाळ्या, तुला एकदा तरी विचारावंसं वाटलं?

मला आजीने सांगितलं. आजोबा त्यावर कधी बोलले नाहीत.

एकोणीसशे तीस सालानंतरची गोष्ट. आजोबा बसऱ्याला होते. त्यांची धाकटी बहीण पाणी शेंदताना जुन्या विहिरीत पडली.

भिंत सरळ, वर शेवाळ. धरायला काहीच नव्हतं.

लोक दोर घेऊन येईपर्यंत संपलं होतं सगळं.

आजोबा आले, गलबत सोडलं, ती विहीर बुजवली. मग ही खणली. लांब काळे दगड, अर्धे भिंतीत, अर्धे बाहेर. पाण्यापासून काठापर्यंत.

गाव हसलं. "तांडेल, गवंडी झोपला होता काय?"

"एवढं यबरुज राहू दे," इतकंच बोलले.

आता तुझं सांगते. तू विसरलास, मी नाही.

लहानपणी कैऱ्या काढायला विहिरीवरच्या आंब्यावर चढलास आणि फांदीसकट विहिरीत गेलास. मी काठावर नुसती किंचाळत होते.

आजोबा काठी टेकत आले. तेव्हा म्हातारे झाले होते, उडी मारणं शक्य नव्हतं. आत वाकून ओरडले,

"बाळ्या, यबरुज! यबरुज धर!"

दुसऱ्या कुणाच्या पोराला काय कळलं असतं? तुला कळलं. रोज जेवताना ऐकायचास ना!

दगडाला चिकटलास. मग एकेक दगड धरून वर आलास. चड्डी पाण्यातच राहिली होती.

आजोबांनी तुला एक थोबाडीत दिली. मग काठावर बसले ते उठेचनात.

ते दगड तू छाटणार?

गेस्टची पोरं पोहायला शिकून येतात काय? वर जाळी बसव, माझी ना नाही. पण जाळी कुणीतरी उघडणारच. मग आत पडलेल्याने काय धरायचं, तुझं फिनिशिंग?

गवंड्याला सांगून ठेवलंय. कटर आणलास तर मी आत उतरून त्या दगडावर उभी राहीन.

आजोबा, घावणे वाढलेत, पोटभर जेवा. तुमच्या वतीने भांडायला मी आहे.

बाळ्या, शनिवारी दिवे लागायच्या आत फोन कर. दगड राहणार की नाही, एका शब्दात सांग.