नऊ फुटी खंदक

जेवण झालं की फौजीकाका केळीच्या पानाची घडी घालायचे. पान मिटणं वेगळं आणि घडी घालणं वेगळं. आपण पान अर्धं दुमडतो आणि हात धुवायला उठतो. काका आधी पानाच्या कडा आत घ्यायचे, मग बोटांनी कोपरे दाबून त्याचा चौकोन करायचे आणि तो टेबलाच्या कडेशी सरळ लावून ठेवायचे. चेन्नईतल्या आमच्या तिरुवल्लिकेणीच्या मेसमधला वाढपी रोज न चुकता विचारायचा, "फौजी सार, पार्सल?" काका रोज न चुकता सांगायचे, "रंगरूटाला कांबळ्याची घडी अशी घालाय लागती. काडेपेटी लावून कोपरा बघायचे ट्रेनिंगचे उस्ताद." वाढप्याला यातलं अक्षर कळत नसे. तो सांबाराची बादली घेऊन पुढे सरकायचा.

दोन हजार पाचच्या आसपास बँकेने मला चेन्नईला टाकलं तेव्हाची ही गोष्ट. एकट्या पुरुषांनी राहायच्या इमारतींना तिथे मॅन्शन म्हणतात. नाव ऐकून हुरळून जाऊ नका. दार उघडलं की खाट आडवी यायची. शेजारच्या खोलीत काका. वय पन्नाशीचं, गाव साताऱ्याकडचं, घरटी एक माणूस पलटणीत असलेलं. आजा ब्रह्मदेशात लढलेला, बाप पासष्टच्या लढाईत मांडीत गोळी घेऊन आलेला. काका स्वतः लष्कराच्या एका स्टोअरमध्ये बूट आणि कांबळी मोजून द्यायच्या कामावर होते. फौजेतून निवृत्त होऊन इथे चिकटले असतील, असं आम्ही सगळ्यांनी धरून टाकलं होतं. बायको आणि मुलगा गावी.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या आयुष्यातलं एकच वर्ष त्याला पुरून उरतं. काकांना ट्रेनिंगचं वर्ष पुरलं होतं. पहाटेची शिट्टी, गरम चमच्याने चमकवलेले बूट, चहाच्या मगातच दाढीचं पाणी. हसून हसून आमची पुरेवाट व्हायची. पण या गोष्टी अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या पुढे कधी जात नसत. मी एकदा विचारलं, "आणि शेवटी शपथ घेतात त्या कसम परेडला काय झालं?"

"परेडीला काय व्हायचंय? परेड झाली," असं म्हणून ते टॉवेलाची घडी घालू लागले.

आणखी एक गोष्ट मी पाहिली होती, पण तिचा अर्थ लावला नव्हता. त्या वर्षी आमच्या गल्लीत गटाराची चर खणून ठेवली होती. आम्ही उडी मारून पलीकडे जायचो. काका पार कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन फळीवरून यायचे. "काका, फौजी ना तुम्ही? मारा की उडी!" मी चिडवायचो. "उडी हुकूम झाल्यावर मारायची असती, सायेब," ते म्हणायचे. मला हे उत्तर फार आवडायचं. मी ते बँकेत सांगून टाळ्या घेतल्या होत्या.

त्यांचा मुलगा भरती झाला तेव्हा काकांनी अख्ख्या मजल्याला म्हैसूरपाक वाटला. चौथी पिढी! दर रविवारी सकाळी साडेदहाला तो ट्रेनिंग सेंटरमधून माझ्या मोबाइलवर फोन करायचा, कारण काकांकडे मोबाइल नव्हता. मुलाशी बोलताना काका सावधानमध्ये उभे राहायचे, टाचा जुळवून. लुंगी नेसलेला माणूस सावधानमध्ये उभा राहिला की कसा दिसतो, ते एकदा तरी बघायला हवं. बोलणं मात्र एवढंच: "हां. हां. शाब्बास. खातोस ना?"

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ते "शाब्बास" म्हणाले नाहीत. माझ्या फोनचा आवाज मोठा होता, सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, गुडघा लई सुजलाय. एकदा मागच्या बॅचला टाकलंय मला. आता परत नापास झालो तर घरी धाडतील. मीच येऊ का सोडून?"

काकांनी जुळलेल्या टाचा पुन्हा जुळवल्या. मग एकेक शब्द मोजून म्हणाले, "आपल्या घरातलं कोण ट्रेनिंगातनं परत आलेलं न्हाई. ध्यानात ठेव."

"व्हय बाबा," पोरगा म्हणाला आणि फोन बंद झाला.

माझ्या अंगावर काटा आला, अभिमानाने. काय ती घराण्याची जिद्द! दुसऱ्या दिवशी हे वाक्यही मी बँकेत सांगितलं. आज ते आठवलं की माझी मलाच शरम वाटते.

डिसेंबरात गावाहून काकूंचा फोन आला. सेंटरचं पत्र आलं होतं. पोराचं नाव कमी करून त्याला घरचं तिकीट देऊन पाठवलं होतं. त्याला आठ दिवस झाले होते आणि पोरगा घरी पोचला नव्हता. काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि खाटेवर बसले. "आता तो उतरायचा न्हाई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ड्युटी संपली की ते सेंट्रल स्टेशनवर जाऊ लागले. मुंबईकडची गाडी संध्याकाळी यायची. शेवटचा डबा रिकामा होईपर्यंत ते फलाटावर थांबायचे. एका रविवारी मी बरोबर गेलो. गाडी आली, हमाल धावले, माणसं पांगली. पोरगा नव्हता.

"पण तो इथे कशाला येईल, काका? त्याला ना इथली भाषा येते, ना..."

"मला तरी कुठं येत हुती?" ते म्हणाले.

तिथल्या बाकावर बसून त्यांनी मला एकोणतिसावा आठवडा सांगितला. नऊ फुटी खंदक ओलांडायची परीक्षा होती. बाकी सगळ्यात ते पास होते. खंदकाशी मात्र पाय जागीच थांबायचा. "तीनदा मोका दिला. तिन्ही बारीला काठावर उभा ऱ्हायलो. उस्ताद वाईट न्हवता. त्यो बी म्हणाला, लेका, मार की उडी." त्यांना घरचं तिकीट मिळालं. गावचं स्टेशन आलं, गाडी दोन मिनिटं थांबली आणि ते उतरले नाहीत. पुण्यात मद्रासची गाडी उभी होती, तिच्यात बसले.

पुढे स्टोअरमध्ये काम लागलं, त्यांनी घरी पत्ता कळवला आणि गावात बातमी झाली, पोरगा मद्रासला मिलिटरीत आहे. काकांनी ती खोडली नाही. अकरा वर्षांनी बाप गेल्यावर ते पहिल्यांदा गावी गेले. बापाच्या पेटीत, पदकांच्या खाली, सेंटरचं जुनं पत्र निघालं. "म्हंजे बाला पहिल्यापास्नं ठावं हुतं, सायेब. गावाला मिलिटरी त्यानंच सांगितलं. अकरा वर्सं मला एक पत्र न्हाई, की बाबा, ये घरी." त्यानंतर दर सव्वीस जानेवारीला शाळेपुढे माजी सैनिकांच्या रांगेत त्यांना खुर्ची मिळू लागली आणि गावी असले की ते त्या खुर्चीवर बसू लागले.

"पोराला मी खोटं न्हाई बोललो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "आमच्या घरातलं कोण परत आलंच न्हाई. मी बी न्हाई."

मला त्यांचा राग आला होता आणि त्याच वेळी त्यांचा हात धरावासाही वाटत होता. मी यातलं काहीच केलं नाही. जाऊन चहा आणला.

जानेवारीच्या वीस तारखेला त्यांनी पिशवी भरली. "गावाला जातो. पोरगं कुठं बी असंल, गावाकडच्या पोरांशी बोलत असंल. चांगली बातमी जायाला येळ लागतो. ही लगीच जाईल."

"कसली बातमी?"

"बघू. तिथं रोज सकाळच्या गाडीला स्टेशनात उभा ऱ्हाईन. त्याचा फोन आला तर त्याला सांगा."

स्टेशनला जाताना ते चरीपाशी थांबले. मला वाटलं, आज मारतील उडी. नाही मारली. कोपऱ्यापर्यंत गेले आणि फळीवरून पलीकडे आले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी साडेदहाला माझा फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

"दादा, मी बोलतोय. बाबा हायत?"

"अरे, कुठे आहेस तू? गावी गेलेत ते. तुझ्यासाठी गेलेत."

तो पुण्याकडे कुठल्याशा कारखान्यात लागला होता. जागा सांगायला तयार नव्हता. "मित्र म्हणाला, सव्वीस जानेवारीला बाबा झेंड्यापुढं सगळ्यांसमोर उठलं. म्हणालं, ही खुर्ची माझी न्हाई, मला ट्रेनिंगातनं घरी धाडलं हुतं. म्हातारी माणसं उठून गेली म्हणं. खरं हाय का ते?"

"खरं असणार. ट्रेनिंगमधून परत पाठवल्याचं त्यांनी मला स्वतः सांगितलंय."

पलीकडे मशिनचा आवाज येत होता.

"मग त्या दिवशी फोनवर मला का न्हाई सांगितलं?"

तो फोन झाला तेव्हा मी हातभर अंतरावर उभा होतो आणि मला अभिमान वाटला होता, हे मी त्याला सांगू शकलो नाही. "ते रोज सकाळी तुमच्या स्टेशनवर उभे असतात," एवढंच म्हणालो. "गाडी दोन मिनिटं थांबते. उतर बाबा."

"बघतो," तो म्हणाला.

काका मॅन्शनमध्ये परत आलेच नाहीत. त्यांनी नोकरीचा राजीनामा पाठवला. खोलीत मदुरैचा एक मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आला. मार्चमध्ये मला पोस्टकार्ड आलं. अक्षर मोठं, ओळी सरळ रेषेत, जणू कोणी मोजायला येणार होतं.

"सायेबास नमस्कार. पोरगं सोमवारी सकाळच्या गाडीनं उतरलं. अजून माझ्याशी बोललेलं नाही. पण उतरलं."