कोरसमधली नावं

"हे टेस्ट प्रेसिंग हाये. आत्ताच काय थे बोला."

समोर काहीही नवं आलं की काका हे वाक्य टाकायचे. चौकात नवा चहावाला आला, त्याचा पहिला कप टेस्ट प्रेसिंग. गल्लीत कुणाचा नवा जावई आला, तोही टेस्ट प्रेसिंग. जावयाला काही कळायचं नाही, तो आपला हसून नमस्कार करायचा.

तुम्हालाही कळलं नसेल तर सांगते. रेकॉर्डचा कारखाना एकगठ्ठा तबकड्या दाबण्याआधी चार-दोन नमुन्याच्या काढून पाठवतो. त्या ऐकायच्या आणि कुठे खरखर असेल तर तेव्हाच सांगायची. एकदा होकार दिला की चूक सगळ्या तबकड्यांवर जाते. काका तरुणपणी मुंबईत अशा एका कारखान्यात पॅकिंगला होते. पुढे अकोल्याला परतले आणि जठारपेठेत आधी कॅसेटची, मग सीडीची कव्हरं छापायचं दुकान टाकलं. बोली मात्र कारखान्यातलीच राहिली. माझं डीटीपीचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून. त्यांच्या कव्हरांचा मजकूर मीच टाइप करायची, त्यामुळे ती बोली मलाही चिकटली.

रेकॉर्ड ज्या तापलेल्या गोळ्यापासून बनते त्याला ते बिस्किट म्हणत. "लेबल गोंदानं नाही लावत व पोरी. बिस्किटासंगच दाबतात. म्हनून थे निघत नाही." लग्नपत्रिका न्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही हे ऐकावं लागे. एकदा एक नवरा-बायको पत्रिकेच्या रंगावरून दुकानातच भांडले. ते गेल्यावर काका म्हणाले, "याईचं लेबल गोंदानं लावेल हाये."

कधीकधी मला त्यांचा कंटाळाही येई. खोटं कशाला बोलू? कामाची घाई असताना हा माणूस स्टूल ओढून बसायचा आणि तबकड्या दाबायचा साचा, म्हणजे स्टॅम्पर, कसा झिजतो ते सांगायचा.

सीडी संपल्या. गाणी पेनड्राइव्हमध्ये गेली, मग मोबाईलमध्ये. मोबाईलला कव्हर लागतं, पण ते काकांच्या उपयोगाचं नव्हतं. दुकानात पत्रिका आणि बिलबुकं तेवढी उरली. अशात पुण्याहून एक मुलगा आला. तो आणि त्याचे मित्र जुनी गाणी पुन्हा रेकॉर्डवर काढत होते. काकांनी पूर्वी कव्हर केलेली भीमगीतांची एक कॅसेट त्यांना हवी होती. मुख्य गायक वारले होते. त्यांच्या घरच्यांनी परवानगी दिली होती. आता त्याच कॅसेटची रेकॉर्ड निघणार होती आणि तिच्या जॅकेटची, म्हणजे पुठ्ठ्याच्या कव्हराची, मांडणी काकांनी करायची होती. इतक्या वर्षांनी 'जॅकेट' हा शब्द खऱ्या कामासाठी वापरायला मिळाला म्हणून काका दोन दिवस नुसते चालतानाही ताठ दिसत होते.

मी जुन्या कॅसेटवरचा मजकूर जसाच्या तसा टाइप करून दिला. वर मुख्य गायकाचं नाव, खाली 'आणि सहकारी'. काकांनी कागद पुढे ओढून वाचला.

"इतकी मोठी पाठ हाये जॅकेटची," ते म्हणाले. "अन् त्याच्यावर काय, त सहकारी!"

"काका, तुम्हीच छापायचात तसं."

"तवा कॅसेट होती. जागा नोती. आता जागा हाये, त मले लाज वाटून राहिली."

सहकारी म्हणजे कोरसमधल्या बाया. बुद्धविहारात गाणाऱ्या, दिवसा कुणी मजुरीला, कुणी अंगणवाडीत. रेकॉर्डिंगसाठी सगळ्या एकत्र अमरावतीला गेल्या होत्या. जॅकेट छपाईला जाण्याआधी त्यांची नावं मिळायला हवी होती, आणि पुण्याच्या मुलानं मुदत कमी दिली होती.

काका निघाले. मूर्तिजापूरला एक बाई सापडली. तिनं सासरचं आडनाव छापायला साफ नकार दिला. "गात होती तवा माहं लगन नोतं झालं. माह्या बापाचं आडनाव टाका." काकांनी टाकलं. चांदूर रेल्वेला एकीचा पत्ता विचारायला गेले तर तिघी पुढे आल्या. त्यातल्या एकीनं कबूल केलं, की रेकॉर्डिंगच्या दिवशी तिला ताप होता, ती गेलीच नव्हती. काकांनी तिचंही नाव घेतलं.

"काहून घेतलं?" मी विचारलं.

"साऱ्या तालमीले होती थे. ताप येनं काई गुन्हा हाये?"

नावं टाइप झाली. मी वाचून दाखवली आणि थांबले. त्या कोरसमध्ये काकूही होत्या. काकांची बायको. हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"काकूंचं नाव राहिलं."

"थे त घरचीच हाये."

"म्हणून?"

"आपल्या हातानं आपल्या घरचं नाव छापायचं? लोक काय म्हनतीन?"

मला राग आला. तापात पडलेल्या बाईचं नाव चालतं आणि गायलेल्या बाईचं चालत नाही, असं मी तोंडावर बोलले. काका उठून गेले. वाटलं, दुखावले. दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढायच्या आत ते दारात उभे होते.

"रातच्याले तिले विचारलं, तुहं नाव टाकू का. थे नुसती पोयपाट पुसत राहिली." मग म्हणाले, "टाक. पन शेवटी टाक. पंगतीत घरचे मानसं शेवटीच बसतात."

जॅकेट छपाईला गेलं. टेस्ट प्रेसिंग आलं, काकांनी एका ओळखीच्याकडे जाऊन ऐकलं, होकार कळवला. रेकॉर्ड तयार होऊन यायच्या आधीच ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. छापलेलं जॅकेट त्यांनी पाहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

पार्सल माझ्या दुकानावर आलं. एक प्रत घेऊन मी काकूंकडे गेले. त्यांच्या घरात रेकॉर्ड वाजवायला काहीच नव्हतं.

"बस व माय," त्या म्हणाल्या. चष्मा लावून त्यांनी जॅकेट उलटं केलं आणि एकेका नावाखाली बोट धरत वाचू लागल्या. "हे गेली. हे मूर्तिजापूरले असते. हिचा आवाज लय उंच जाये." बोट शेवटच्या नावावर आलं. ते त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही. बोट मात्र तिथून उचललंही नाही.

मग त्यांनी गाणं म्हटलं. आवाज फाटला होता, पण सूर जागेवर होता. एक ओळ म्हणून त्या थांबल्या आणि मांडीवर हळूच ताल धरला. मला वाटलं विसरल्या. ताल पुरा झाल्यावर त्यांनी पुढची ओळ उचलली, पुन्हा थांबल्या. तेव्हा कळलं, त्या फक्त कोरस म्हणत होत्या. मधल्या ओळी त्यांच्या नव्हत्याच. त्या मुख्य गायकाच्या होत्या, आणि ते म्हणून होईपर्यंत थांबायची त्यांना सवय होती.

मीही थांबले.