पाईप वाकवणाऱ्याची जागा

आमच्या घरातला वरवंटा माझ्या हक्काचा कधीच नव्हता. चटणी वाटायला बसावं तर तो अंगणात माझ्या नवऱ्याच्या पायांत धरलेला आणि त्याच्याभोवती कुठल्या तरी गाडीचा पाईप गुंडाळलेला. नवरा शहराच्या सदर भागातल्या एका गॅरेजात मिस्त्री होता. पेट्रोलचे आणि ब्रेकचे बारीक पाईप वाकवावेत तर त्यानंच, असं तिथले सगळे म्हणत. गॅरेजात गलका फार म्हणून ते काम तो इतवारी पेठेतल्या आमच्या घरी आणायचा. म्हणायचा, "पाईपाले शांतता लागते." मी म्हणायची, "पाईपाले लागते, अन् बायकोले नाही लागत?" त्यावर तो हसायचा नाही. कामापुढे हा माणूस नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

काम मात्र बघत राहावं असं. आधी तो गाडीखाली झोपून साधी तार हव्या त्या वळणांची करून आणायचा आणि त्या तारेवरून पाईप बेतायचा. पेट्रोलचा पाईप तांब्याचा असला तर तो चुलीत लालसर होईपर्यंत तापवून मऊ करायचा. मग त्यात कन्हान नदीची वाळू भरायची, तीही कापडानं गाळलेली आणि माझ्या कढईत कोरडी भाजलेली. दोन्ही तोंडांना लाकडी गुल्ल्या ठोकायच्या. आत वाळू गच्च असली की वळणावर पाईप चेपून पोटात जात नाही. ब्रेकच्या पाईपात मात्र तो वाळूचा कण जाऊ द्यायचा नाही. तो लोखंडी पाईप नुसता वरवंट्यावर धरून, स्वतःकडे ओढत ओढत, अंगठ्यानं हळूहळू वळवायचा. आणि एकदा का पाईप दुमडला, की तो सरळ करून वापरायचा नाही, फेकायचा. दुमडलेली जागा बाहेरून बरी दिसते, पण आतून ती मेलेली असते, असं त्याचं म्हणणं.

मी विणकराची मुलगी. लग्नाआधी बापाच्या मागाजवळ बसून सुताच्या कांड्या भरण्यात माझं बालपण गेलं. सूत ढिलं सोडलं की गुंता होतो, फार ताणलं की तुटतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. त्यामुळे त्याचे हात बघताना मला आपलं काहीतरी ओळखीचं दिसायचं.

दुखणं हत्तीच्या पायानं येतं म्हणतात. आमच्या घरी ते मुंगीच्या पायानं आलं. आधी त्याच्या हातात चहाची बशी वाजायला लागली. मग त्याच्या सदऱ्याची बटणं मी लावायला लागले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या दिल्या, आणि हा आता वाढतच जाणार हेही सांगितलं. घरी आल्यावर तो म्हणाला, "गॅरेजात सांगू नको वं."

मी कशाला सांगते? झाकली मूठ सव्वा लाखाची. पाईप वाकवता न येणारा मिस्त्री कोण ठेवून घेणार? आणि गॅरेजचं सोडा, त्या कामावाचून हा माणूस स्वतःला काय म्हणवून घेणार, याची मला जास्त भीती होती. अंगणाचं दार आतून लावून मी पाईप वाकवायला लागले. तो पाटावर बसून सांगायचा. "ओढ. अजून ओढ. आता थांब. घाई काहून करून राहिली?" पहिले काही पाईप मी चेपवले तेव्हा त्यानं मला अशा शिव्या दिल्या, की मी वरवंटा आपटून आत निघून गेले. मग त्यानंच चहा करून आणला, अर्धा बशीत आणि अर्धा जमिनीवर. त्या चहानं मला जितकं रडवलं तितकं शिव्यांनी नाही. हळूहळू माझा हात बसला. गॅरेजातलं बाकीचं काम तो शिकवायच्या नावाखाली हाताखालच्या पोरांकडून करून घ्यायचा. पाईप गॅरेजात जायचे, मालक त्याची पाठ थोपटायचा, आणि घरी येऊन तो मला ते कधीच सांगायचा नाही. मला बाहेरून कळायचं.

हे सगळं पेट्रोलच्या पाईपांचं. ब्रेकचे पाईप मात्र तो काहीतरी कारण काढून टाळायचा. कारण त्यांच्या गॅरेजात एक रीत होती. ज्यानं ब्रेकचा पाईप वाकवला, त्यानं त्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसायचं आणि सेमिनरी हिल्सच्या उतारावरून पहिली फेरी मारायची. आपल्या हाताच्या कामावर आधी आपला जीव ठेवायचा. आजवर त्या सीटवर बहुतेक वेळा तोच बसत आला होता.

मग एका टॅक्सीवाल्याची अँबेसिडर आली. मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब पाईप गंजला होता आणि तयार मिळत नव्हता. मालकानं सगळ्यांसमोर काम त्याच्या हातात दिलं, त्याला नाही म्हणता आलं नाही. घरी आल्यावर त्यानं मला बाजूला बस म्हटलं. "ब्रेकचं काम हाये. हे माह्यंच." त्यानं पाईप वरवंट्यावर धरला आणि पहिल्याच वळणावर हाताला हिसका बसला. पाईप दुमडला. दुसरा घेतला, तोही दुमडला. मग त्यानं दोन्ही हात काखेत दाबून धरले आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मी काही न विचारता तिसरा पाईप उचलला. संध्याकाळपर्यंत सगळी वळणं झाली. त्यानं प्रत्येक वळणावरून बोट फिरवून बघितलं. बोट इतकं थरथरत होतं, की त्याला काही कळलं नसणार. "बरा हाये," एवढंच म्हणाला.

गाडीला पाईप बसला, ब्रेकची हवा काढून झाली, त्या सकाळी तो मला म्हणाला, "लुगडं बदल. उतारावर यायचं हाये." मला वाटलं, सोबतीला नेतोय.

टेकडीवर टॅक्सीवाला, मालक आणि गॅरेजातले दोघे-तिघे उभे होते. मालकानं पुढचं दार उघडून त्याला म्हटलं, "चला मिस्त्री." तो हलला नाही.

"मालक, पाईप हिनं वाकवला. ही बसन."

कुणी हसलं नाही. मी त्याच्याकडे बघून मान हलवत होते, नको, नको. त्यानं माझा दंड धरून मला सीटवर बसवलं. दार लावायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला, आणि ते सगळ्यांनी बघितलं.

गाडी उतरायला लागली. मी देवाला काय मागावं? ब्रेक लागले नाहीत तर माझा आणि त्या टॅक्सीवाल्याचा जीव जाणार होता. लागले, तर माझ्या नवऱ्याचं काम आजपासून माझं होणार होतं. टॅक्सीवाल्यानं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. "वा वहिनी!" तो म्हणाला, आणि मी पदर तोंडात कोंबून रडायला लागले. बिचारा घाबरला. त्याला वाटलं, मी भ्याले.

मालक वाईट माणूस नव्हता. उद्यापासून बसून नटबोल्ट वाटायचं काम कर, असं तो माझ्या नवऱ्याला म्हणाला. नवऱ्यानं नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवसापासून तो गेलाच नाही.

आठवडाभरानं एक जीपवाला फुटका पाईप घेऊन गल्लीत आला. असे लोक एरवी कोपऱ्यापासूनच "मिस्त्री!" म्हणून हाक मारत यायचे. नवरा दारातच बसला होता. जीपवाला त्याच्यासमोर येऊन थांबला, थोडा घुटमळला आणि म्हणाला, "वहिनी हायेत का घरी?"

"हाव, हाये," नवरा म्हणाला. त्यानं मला हाक मारली, दारातून उठून जागा करून दिली आणि आत गेला.