गजभिये ताई आणि तिसरं कार्ड

कुठल्याही मशीनचं झाकण उघडण्याआधी गजभिये ताई शेजारच्या लोखंडी कपाटाला हात लावायच्या. दर वेळी, न चुकता. कॉलेजात नव्यानं आलेल्या शिपायाला वाटलं, बाई कपाटाच्या पाया पडतात. भाविक माणूस, त्यानं दुसऱ्या दिवशी कपाटाला झेंडूचा हार घातला! ताई पोट धरून हसल्या. "अरे बाप्पा, पाया नाई पडून राहिली मी. उन्हाळ्यात आपल्या अंगात वीज साचते. थे अगुदर लोखंडात उतरवाची, मंग कम्प्युटरातल्या कार्डाले हात लावाचा. नाई त एका चटक्यात कार्ड खतम." मग त्यांनी तो हार काढून पिण्याच्या पाण्याच्या माठाला घातला.

नागपुरातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या प्रयोगशाळा परिचर होत्या. मूळच्या सावनेरच्या, वडील कोळशाच्या खाणीत कामाला. नोकरीला लागल्या त्या कम्प्युटर पुसायला. पुसता पुसता त्यांनी ते उघडले. खोक्यांतून निघणारी माहितीपुस्तकं आम्ही प्राध्यापक मंडळी फेकून द्यायचो, ताई ती घरी नेऊन डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायच्या. मी तिथे लेक्चरर म्हणून लागले तोवर कॉलेजचं सगळं नेटवर्क जिन्याखालच्या एका खोलीतून त्याच सांभाळत होत्या, आणि हजेरीपटावर मात्र परिचरच होत्या. माझ्याकडे पदवी होती आणि नाकाच्या शेंड्यावर राग होता.

पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं. माझ्या पदवीवर एक नाव आणि नेमणुकीच्या पत्रावर दुसरं, हे त्यांनी बरोबर हेरलं. मी सांगितलं, लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं. ताईंनी डोळे मोठे केले. "तांदळात लिवलं अन् झालं? अन् डिग्रीवरची कोण मंग, तुही बहीण?" मला असा संताप आला म्हणता! दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातली सांबारवडी पुढे केली. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, आणि सांबारवडीपुढे माझा राग आजवर टिकलेला नाही.

बाई असून त्या "मी येतो, मी पाहतो" म्हणायच्या. विदर्भातल्या पुष्कळ बाया तसंच बोलतात, पण ताईंच्या तोंडी ते जरा जास्तच शोभायचं. मला चारचौघांत "मॅडम, तुम्ही" आणि खोलीत आल्यावर "काहून वं मॅडम", म्हणजे "का गं मॅडम". माझी धांदल बघून नेहमी म्हणायच्या, "घाई त्यानं कराची, ज्याले एकच काम दोनदा कराची हौस हाये." मी मान हलवायची आणि घाईच करायची.

त्या वर्षी आमच्या कॉलेजला एका मोठ्या ऑनलाइन परीक्षेचं केंद्र मिळणार होतं. अट एवढीच होती की इंटरनेटच्या दोन लाइनी हव्यात. एक बंद पडली तर दुसरीनं परीक्षा चालू ठेवायची. आमचा राउटर म्हणजे खरं तर एक जुना कम्प्युटरच. त्यात दोन नेटवर्क कार्डं. एकात बाहेरची लाइन यायची, दुसऱ्यातून ती कॉलेजभर जायची. नव्या लाइनीसाठी तिसरं कार्ड बसवायचं होतं. तपासणीला अधिकारी दुपारी बाराला येणार होते. त्याच दिवशी प्राचार्यांनी एका बाहेरच्या कंपनीच्या माणसालाही बोलावून ठेवलं होतं. तपासणीत नापास झालो तर नेटवर्क कंपनीकडे जाणार आणि ताई आवक-जावक विभागात पत्रांवर शिक्के मारायला. हे प्राचार्यांनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. ताई "बरं सर" म्हणाल्या आणि जिन्याखाली येऊन बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. मी त्यांना तसं बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

त्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. त्या वाडीला राहायच्या. अमरावती रोडवर दोन ट्रक आडवे झाले होते आणि ऑटो जागचा हलत नव्हता. "मी पोचतो अकरापर्यंत. तवर हात नको लावू वं." मी "हो" म्हटलं. आणि लावला! मला वाटलं, ताईंचा वेळ वाचवू, कार्ड बसवायला असं काय लागतं? मशीन बंद केलं, झाकण काढलं, मधल्या रिकाम्या स्लॉटमध्ये कार्ड दाबून बसवलं, स्क्रू आवळला, नवी वायर लावली. मोठ्या तोऱ्यात बटण दाबलं. मशीन सुरू झालं आणि अख्ख्या कॉलेजचं इंटरनेट बंद पडलं. नवीन लाइन तर नाहीच, जुनीही गेली.

मी वायरी काढून पुन्हा लावल्या. मशीन तीनदा बंद करून सुरू केलं. ऑफिसातून फोनवर फोन. इतक्यात प्राचार्य आले, मागे गळ्यात ओळखपत्र अडकवलेला कंपनीचा माणूस. त्यानं दारातूनच आत डोकावून निकाल दिला, "हे भंगार आहे सर, नवीनच घ्यावं लागेल." प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. चूक माझी आणि खोली जाणार ताईंची! कुठल्या तोंडानं सांगणार होते मी त्यांना?

अकराला दहा कमी असताना ताई आल्या. चेहरा घामानं डबडबलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उघड्या मशीनकडे पाहिलं, सगळं समजल्या. मी रडवेली होऊन म्हटलं, "ताई, माझ्यामुळे..."

"रडाचं मागून. अगुदर सांग, कार्ड कोणत्या स्लॉटात टाकलं?"

"मधल्या."

"हां." त्यांनी कपाटाला हात लावला, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि स्क्रीनवर कार्डांची यादी काढली. वाचता वाचता त्या चक्क हसायला लागल्या. "अवं माय! पाह्य, काय झालं थे. नवी सून घरात आली, अन् या मशीननं तिले थोरलीचं नाव देऊन टाकलं."

मला काही उमगेना. त्यांनी समजावलं. आमचं मशीन कार्डांना नावं द्यायचं ती स्लॉटच्या क्रमानं. पहिलं, दुसरं, असं. मी नवं कार्ड मधे घातलं, त्यामुळे क्रम बदलला. कॉलेजभर लाइन पोचवणाऱ्या 'दुसऱ्या'चं नाव नव्या कार्डाला गेलं, आणि जुनं बिचारं 'तिसरं' होऊन बसलं. मशीनमधल्या सगळ्या सूचना नावानं लिहिलेल्या. मशीन इमानदारीनं 'दुसऱ्या'ला काम सांगत होतं, पण त्या नावाचं आता भलतंच कोणी होतं.

"मग आता?"

"आता नावावर भरोसा नाई ठेवाचा. नाव काय, कोणी बी बदलवते." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की तेवढ्या गडबडीतही मला लाज वाटली. "पण कारखान्यातून निंगताना हरेक कार्डाले आपला नंबर भेटते. दोघायचा सारखा नसते. थो कोणाच्या बापाले बदलता येत नाई... म्हंजे येते, पण आपुन कायले बदलवाचा?"

मोबाइलचा टॉर्च मी धरला. ताईंनी तिन्ही कार्डांच्या चिकटपट्ट्यांवर छापलेले बारा-बारा अक्षरांचे नंबर मोठ्यानं वाचले, मी लिहिले. त्यांनी ते पुन्हा एकदा ताडून पाहायला लावले. साडेअकरा वाजले होते, मी सारखी घड्याळाकडे बघत होते, आणि ही बाई आठ आहे की बी आहे ते शांतपणे निरखत होती! मग त्यांनी मशीनला लिहून दिलं: या नंबरचं कार्ड ते बाहेरचं, या नंबरचं ते घरातलं, आणि या नंबरचं ते नवीन. कोणी कुठल्याही स्लॉटात बसो, नाव हेच. मग नव्या लाइनीचा पत्ता घातला, आणि पहिली लाइन गेली तर दुसरीनं धरायचं तेही लिहिलं. बटण दाबलं. आधी एक हिरवा दिवा लागला, मग दुसरा, मग तिसरा. वरच्या लॅबमधून पोरांचा "आलं, आलं!" असा गलका जिन्याखालपर्यंत ऐकू आला. मी ताईंना मिठीच मारली. "सोड वं, घामेजली हाये मी," त्या म्हणाल्या, पण त्यांनीही मला घट्ट धरलं होतं.

बाराला अधिकारी आले. परीक्षेचा नमुना लॅबभर चालू केला आणि त्यातल्या ज्येष्ठांनी स्वतःच्या हातानं पहिली लाइन उपटली. एकही स्क्रीन थांबला नाही. त्यांनी ती परत लावून दुसरी उपटली. तरी नाही. कंपनीच्या माणसानं खिशातून फोन काढला आणि बोलत बोलत जो बाहेर गेला तो परत आलाच नाही.

शेवटी फॉर्म भरायचा होता. नेटवर्कची जबाबदारी कोणाची, त्याचं नाव आणि पद. प्राचार्यांनी ताईंचं नाव लिहिलं आणि पदापाशी अडखळले. हळूच म्हणाले, "इथे इंजिनिअर लिहू का? परिचर बरं दिसत नाही."

ताईंनी आवाज मुळीच हळू केला नाही. "काहून सर? परिचरच लिवा. काम परिचरनं केलं. खोटं पद लिवलं त माह्यं काम बी खोटं होईन."

प्राचार्यांनी लिहिलं. त्या ज्येष्ठ अधिकाऱ्यांनी फॉर्म वाचला, चष्म्यावरून ताईंकडे पाहिलं आणि खुर्चीतून उठून त्यांना नमस्कार केला. "बाई, आमच्या बाकीच्या केंद्रांवर या कामाला इंजिनिअर आहेत, आणि तरी दोन लाइनी धड चालत नाहीत."

"मंग पाठवा त्यायले हिकडे," ताई म्हणाल्या. "शिकवून देतो मी."

आणि खरंच पाठवले हो त्यांनी! पुढच्या महिन्यात पाच केंद्रांचे इंजिनिअर आमच्या कॉलेजात आले. आवक-जावकचं नाव प्राचार्यांनी पुन्हा काढलं नाही; उलट 'प्रशिक्षक, श्रीमती गजभिये' असा आदेश त्यांना सही करून काढावा लागला. ताई धुवट कडक साडी नेसून फळ्यापुढे उभ्या राहिल्या. पहिल्या बाकावर मी बसले होते.

"तुमी कायले बसल्या, मॅडम?"

"शिकायला."

"मंग वही काढा," त्या म्हणाल्या, आणि फळ्याकडे वळल्या.