सडकेनं जाणारे हवालदार काकाजी

हवालदार काकाजी धुऱ्यावर कधी पाय ठेवत नसत. आमच्या धानाच्या मुलखात धुरा म्हणजे दोन बांध्यांमधली, धानाच्या दोन खाचरांमधली, पायवाट. लहान लेकरूसुद्धा तिच्यावरून डोळे मिटून पळतं. काकाजी मात्र रोवणीच्या आधी चिखलातून जात आणि एकदा धान रोवून झालं की डांबरी सडकेनं वळसा घालून वावरात पोचत. हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरासाठी त्यांना अर्धं गाव फिरावं लागे. रोवणाऱ्या बाया त्यांची मजा घेत. एकीनं एकदा विचारलं, "काऊन जी काकाजी, धुऱ्यावर भूत बसून हाय का?" ते म्हणाले, "भूत असतं तं बरं होतं बाई. भूत दिसते तरी." बाया हसल्या, मीही हसले. तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं.

ते आमच्या नात्याचे नव्हते, जातीचेही नव्हते. आमच्या घरात देवघर, त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर. त्यांचं गाव अर्जुनी मोरगावकडं, आमचं आमगावच्या पुढं. ते आणि माझे बाबा एकाच पलटणीत होते आणि एकाच जहाजातून लंकेला गेले होते. तिथल्या बंडखोरांची हत्यारं काढून घ्यायची, शांतता राखायची आणि परत यायचं, असं सांगून त्यांना नेलं होतं. काकाजी परत आले, बाबा आले नाहीत. मी तेव्हा आईच्या पोटात होते. त्यामुळं बाबा म्हणजे माझ्यासाठी भिंतीवरचा एक फोटो, आणि बाबांच्या जागी दरवर्षी गोंदियाला गाडी बदलून येणारे, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून आमच्या बांधीत उतरणारे हवालदार काकाजी.

रोवणीला त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पहिल्या वर्षी आले तेव्हा आई संकोचली. "भाऊजी, तुमचीबी रोवणी असन ना," म्हणाली. "माही होते मागून," ते म्हणाले, "पऱ्हे कोठी हायेत, ते सांगा वयनी." झालं. त्यानंतर हा माणूस एकदाही चुकला नाही. अंगात ताप असो, गुडघा सुजलेला असो, आला म्हणजे आला. पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या स्वतः बांधायचे, स्वतः फेकायचे. रोवण्याची ओळ वाकडी गेली की पलटणीतल्यासारखे ओरडायचे, आणि बाया त्यांना सलाम ठोकून पुन्हा वाकडीच रोवायच्या. आई म्हणायची, सख्खा दीर असता तर एवढा आला नसता. ते खरंच होतं, कारण माझे दोन सख्खे काका याच गावात राहतात.

'थोडे दिवस' हे दोन शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. मोटर बिघडली आहे, थोड्या दिवसांत दुरुस्त करते, असं मी म्हटलं की ते लगेच तापत. "थोडे दिवस म्हंजे किती? दिवस सांग, वार सांग." मी आधीच सांगून ठेवते, मी स्वभावानं काही गरीब नाही. आमची चांगलीच जुंपायची. एकदा मी चिडून विचारलं, की थोड्या दिवसांनी तुमचं काय घोडं मारलंय? ते म्हणाले, "आमाले जहाजात चढवताना म्हटलं होतं, थोड्या दिवसाचं काम हाय. जड सामान घेऊ नका." एवढं बोलून ते मोटर खोलायला बसले. संध्याकाळपर्यंत ती चालू झाली.

गावातली पोरं त्यांना लंकेवरून छेडायची. "काकाजी, लंका जाळून आले ना?" असं कोणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "लंका हाय तशीच हाय. शेपूट आपलीच भाजली." अमेरिकेची फौज अफगाणिस्तानातून निघाली, ते दिवस मला आठवतात. आमगावात चहाच्या टपरीवर पोरं मोबाइलवर तेच बघत होती. बियाणाच्या दुकानातला एक पोरगा म्हणाला, "काकाजी, भाग गये सब. अजून थोडे दिवस टिकले असते तं जिंकले असते."

"थोडे दिवस!" काकाजींनी कप खाली ठेवला. "थोडे दिवस, थोडे दिवस करता करता तिथं गेलेल्या शिपायायचे पोट्टे मोठे झाले, अन् तेबी तिथंच शिपाई म्हनून गेले."

"मंग बंडखोरायले मोकळं सोडाचं का?"

"कोन म्हनते? आमच्यासमोरचे काही साजूक लोक नोते. लेकरायच्या हातात बंदुका देत, आपल्याच लोकायच्या वावरात सुरुंग पेरत. मी काही त्यायची आरती ओवाळून नाही राहिलो. पन दुसऱ्याच्या घरच्या भांडनात पंच म्हनून जाचं असन, तं सकाळी जा अन् जेवाच्या आत परत ये. मुक्काम केला का तूच भांडनाचा मालक. मंग दोघं भाऊ एक होतेत अन् तुलेच मारतेत. आमाले पयल्या दिवशी हार घातले होते लोकायनं. आपल्यात म्हन हाय ना, पयल्या दिवशी पाहुना, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली कोठी? आमी तं तिसऱ्या दिवसाच्या कितीतरी पुढं गेलो होतो."

पोरांनी माना डोलावल्या. मला मात्र हे बोलणं आवडलं नाही. आमच्या गावात दर पंधरा ऑगस्टला मला शाळेत पुढच्या खुर्चीवर बसवतात. कोणी ना कोणी पाहुणा सांगतो की माझे बाबा शत्रूवर वाघासारखे तुटून पडले. ते ऐकत मी मोठी झाले. ज्या लढाईत माझे बाबा गेले ती लढाई मोलाची होती, हा माझा एकमेव आधार होता. ती बिनकामाची ठरली तर माझ्या हातात काय उरणार होतं? सासर सोडून मी आईची शेती करायला माहेरी आले, लोकांची तोंडं बंद केली, ती याच जोरावर, की मी वाघाची पोरगी आहे.

पुढच्या वर्षी पाऊस लांबला, रोवणी पंधरा ऑगस्टपर्यंत रेंगाळली आणि काकाजी नेमके त्या दिवशी गावात होते. शाळेत तालुक्याचे एक पुढारी आले होते. बाबांचा वाघ करून झाल्यावर ते म्हणाले, की बंडखोरांना देशाबाहेर जाऊनसुद्धा ठेचलं पाहिजे, मग कितीही वर्षं लागोत, अशी लढाई कधी वाया जात नसते. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांना काकाजी दिसले, म्हातारा फौजी, म्हणून त्यांनी कौतुकानं दोन शब्द बोलायला बोलावलं. काकाजी चिखलाच्या पायजम्यानिशी उठले.

"मी होतो तिथं," ते म्हणाले. "ती लढाई कामाची नोती. ज्यायच्यासाठी गेलो त्यायले आमी नको झालो होतो. अन् ज्यायच्याशी लढलो ते, आमी परत आल्यावरबी तितकेच उभे होते. देश राखाले शिपाई लागतेत. म्हटलं तं मी आजबी जाईन. पन परक्याच्या वावरात वर्षोनवर्षं पहारा द्यायले कोनाचा पोरगा पाठवू नका. जय हिंद."

पुढारी तांबडेलाल झाले. "हा शहिदाचा अपमान आहे. शहिदाची मुलगी इथं बसली आहे," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं हात केला. सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. मी उठले आणि तडक घरी आले. मी धुऱ्यावरून आले आणि काकाजी सडकेनं, त्यामुळं मला मनातल्या मनात तापायला भरपूर वेळ मिळाला. ते अंगणात येताच मी म्हटलं, "मंग माहे बाबा फुकट गेले म्हना ना. सरळ म्हना एकदा."

काकाजी ओट्यावर बसले. पायाला वाळलेला चिखल बोटानं खरवडत राहिले. मग म्हणाले, "आज सांगतो. बस."

"आमी रांगेनं चाललो होतो. आपल्यासारखाच मुलूख. तलाव, बांध्या, फक्त मोहाच्या जागी ताडाची झाडं. हुकूम होता का धुऱ्यावर पाय ठेवाचा नाही, सुरुंग धुऱ्यात असतेत, बांधीतून चाला. धान नुकतंच निसवून राहिलं होतं. तुहा बाप पुढं, मी मागं. तो घडीघडी वळून पाहे, आमच्या बुटाखाली आडवं झालेलं धान पाहे. मले म्हने, 'लोंबी बाहेर येऊन राहिली अन् आपन तुडवून राहिलो. ज्याचं हाय तो काय खाईन बे?' मी म्हटलं, 'मुकाट्यानं चाल.' तो चालला थोडा. मंग धुऱ्यावर चढला."

काकाजी थांबले. पुढचं सांगायची गरज नव्हती. धानाच्या घरात जन्मलेल्या माणसालाच हे कळेल. निसवलेल्या धानात पाय घालायला आमच्या इथलं लेकरूसुद्धा धजत नाही. पलटणीत इतर मुलखांचेही शिपाई होते, ते सरळ चालत गेले आणि वाचले.

"वरून कळवलं, लढताना गेला. मीबी तसंच राहू देलं," काकाजी म्हणाले. "धानापायी मेला म्हटलं तं लोक हसतीन, असं वाटलं मले."

आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "कोन हसते?" ती म्हणाली. "मले तं पयलेपासून वाटे, हा मानूस कोनावर तुटून पडनारा नोता. कोंबडी कापाची असली तरी शेजाऱ्याले बोलावे." आणि ती हसता हसता रडायला लागली.

काकाजी माझ्याकडं वळले. "लढाई कामाची नोती, पोरी. तुहा बाप कामाचा होता. हे दोन पोते एकाच काट्यावर ठेवू नको. मानूस चांगला होता म्हनून लढाई चांगली होत नाही. तुहा बाप गेला म्हनून ती लढाई चांगली होती म्हनशीन, तं उद्या आनखी कोनाचा बाप धाडतीन. मी धुऱ्यावर पाय ठेवत नाही, कायले का मले भेव वाटते. अन् उभ्या धानात पाय ठेवत नाही, कायले का तुह्या बापाची लाज वाटते. मंग सडकच रायली ना माह्यासाठी."

मी खूप रडले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. इतकी वर्षं मी वाघाची पोरगी होते, आणि वाघाशी मला काही बोलता येत नसे. परक्या मुलखातल्या अनोळखी शेतकऱ्याचं धान तुडवायला ज्याचा पाय उचलला नाही, असा माणूस मला समजत होता. तो माझ्यासारखाच होता. त्या दिवशी मला बाप मिळाला.

पुढच्या पंधरा ऑगस्टला मीच बोलायला उभी राहिले आणि हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. लढाई कामाची नव्हती, हेसुद्धा सांगितलं. काहींनी तोंडं वाकडी केली. पुढच्या खुर्चीचं आमंत्रण त्यानंतर आलं नाही. मी मागच्या सतरंजीवर बसते, तिथून झेंडा चांगला दिसतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर काकाजी गेले. निरोप आला तसे मी आणि आई निघालो. त्यांच्या गावी पोचलो तेव्हा त्रिशरण म्हणून झालं होतं आणि तिरडी उचलायच्या बेतात होती. स्मशान तलावापलीकडं, आणि मधे पिवळं झालेलं, कापणीला आलेलं धान. धुरा अरुंद. चौघांच्या खांद्यावर तिरडी घेतली की दोन्ही बाजूंचे पाय बांधीत पडणारच. मयतीला वाट देताना कोणी पिकाकडं बघत नाही, अशी रीत आहे. खांदेकरी धुऱ्याच्या तोंडाशी आले आणि मी पुढं होऊन आडवी उभी राहिले.

"सडकेनं चला," मी म्हटलं.

काकाजींच्या पोरानं मला समजावलं, "ताई, सडकेनं लई दूर पडते. ऊनबी तापून राहिलं."

वावराचा मालक स्वतः हात जोडून पुढं आला. "बाई, धान माहं हाय, मीच म्हनतो जाऊ द्या म्हनून. हवालदारापायी दोन पायल्या कमी झाल्या तं काय बिघडते?"

"तुमी म्हनता भाऊ," मी म्हटलं, "पन काकाजी म्हनत नाहीत."

काकाजींच्या पोराला आपल्या बापाची चाल ठाऊक होती. त्यानं बाजूच्या खांदेकऱ्याकडं बघून मान हलवली आणि तिरडी सडकेकडं वळली. लांबचा रस्ता होता. खांदे बदलत राहिले. एका वळणावर मीही खांदा दिला, कोणी अडवलं नाही. तलावाच्या पाळीवर पोचल्यावर मी मागं वळून पाहिलं. धान जसंच्या तसं उभं होतं, त्यातली एक लोंबीही वाकली नव्हती.