भुलीच्या जागेचे उमेदवार

लोणावळ्याला गाडी थांबते ती प्रवाशांच्या प्रेमापोटी नव्हे. पुढे घाट आहे, उतरण्याआधी ब्रेक तपासावे लागतात. तेवढ्या वेळात माणसं खाली उतरतात, चहा घेतात आणि समोरच्या अनोळखी माणसाला घरातलं सगळं सांगून टाकतात. गाडी निघून जाते. कप राहतात आणि किस्से राहतात. कप मी रोज विसळतो. किश्शांचा ढीग मात्र आता डोक्यावरून जायला लागला, म्हणून आज बसलोय लिहायला!

चहाचा आणि गूळदाणीचा, म्हणजे शेंगदाण्याच्या चिक्कीचा, स्टॉल माझ्या मामाचा. मी मूळचा मेडिकल कॉलेजचा. दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं. वडील म्हणतात, काढलं. दोन्ही खरं आहे.

आमचे एक प्रोफेसर वर्षानुवर्षं तेच लेक्चर द्यायचे. विनोदसुद्धा तोच, यकृतानंतर आणि प्लीहेच्या आधी. वरच्या वर्गातल्या पोरांनी मला तो आधीच सांगून ठेवला होता. यकृत संपलं आणि विनोद यायच्या आधीच मी मोठ्यानं हसलो.

"काय झालं हसायला?"

"सर, पुढचं आठवलं."

सर म्हणाले माफी माग. मी म्हणालो, आधी विनोद बदला. दुसऱ्या दिवशी मी लोणावळ्याला!

* * *

पण कॉलेज सुटलं तरी मित्र सुटले नाहीत. एकेक जण पास होऊन हॉस्पिटलातल्या जागांसाठी अर्ज करू लागला, आणि मुंबईला इंटरव्ह्यूला जाताना गाडी थांबली की स्टॉलवर हजर. "दिन्या, अंदाज सांग." अंदाज मलाच का विचारायचे? कारण आमच्या कंपूत ज्याला कुठेच अर्ज करायचा नव्हता असा मी एकटा. बाकी सगळे एकमेकांना खोटं सांगायचे.

माझी पद्धत सोपी होती. इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळच्या गाडीला चहाची किटली घेऊन इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत चालायचं आणि आत बघायचं. नुसता टाय असेल तर अर्धा उमेदवार धरायचा. टाय आणि शेजारी काका, तर एक. काकांच्या मांडीवर आंब्याची करंडी असेल तर ती जागा गेली, परत फिरा आणि चहा प्या!

सर्जरीच्या जागेला गाडीभर करंड्या. भुलीच्या जागेला, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी पेशंटला क्लोरोफॉर्म देऊन गुंगवणाऱ्या डॉक्टरच्या जागेला, पूर्वी कुत्रं विचारत नव्हतं. पेशंट बरा झाला तर सर्जन देव, मेला तर भूलवाला यम! मग लढाई सुरू झाली. लष्कराला भूलवाले हवेत, एकदम कॅप्टन करतात, अशी बातमी आली आणि त्या जागेवरही करंड्या यायला लागल्या. वडीलधाऱ्यांना त्या शास्त्राचं प्रेम एका रात्रीत फुटलं.

लढाईच्या आधीपासून भुलीच्याच जागेवर डोळा असलेला आमच्यात एकच. भाजे गावचा वसंता.

* * *

वसंताचे वडील म्हणजे आबा. भाज्याला भातशेती, आवाज डोंगराएवढा. एकदा माळवलीहून गाडीत बसून स्टॉलवर आले, चहा बशीत ओतला आणि पोराकडे न बघता मला म्हणाले, "लोकं मरत्याला उठवाया डागदर हुत्यात. ह्यो चांगल्या मान्साला आडवा कराया निगालाय!"

वसंता खाली मान घालून म्हणाला, "आडवा कुनीबी करंल आबा. परत उठवायचं शिकतोय म्या."

आबांनी बशी खाली ठेवली. "दोनदा हात हलवत आलास. औंदा बी न्हाई जमलं, तर सोमाटण्याला बसायचं. व्हनाऱ्या सोयऱ्यानं दवाखान्याची खोली बांधलीया. खुर्ची बी आनलीया."

"अन् पोरगी?" मी विचारलं.

"ती बी हाय की!" आबा म्हणाले. आधी खुर्ची, मग पोरगी! आमच्या वडीलधाऱ्यांचा हा क्रम कधी चुकत नाही.

* * *

पहिल्या वेळी काय झालं होतं तेही ऐका. हॉस्पिटल मुंबईतलं, नाव कशाला सांगू. निवड करणारे बडे सर्जन, रावबहादूर. त्यांनी वसंताला एकच प्रश्न विचारला.

"वडील काय करतात?"

"शेती."

"मग इकडे कशाला आलात?"

संपला इंटरव्ह्यू! जागा मिळाली एका दिवाणसाहेबांच्या भाच्याला. भाचा पहिल्याच केसला उभा राहिला. पेशंटच्या नाकावर कापडाची जाळी, हातात बाटली. थेंब टाकता टाकता, बरोबर पडतोय ना म्हणून स्वतःच वाकून वास घेऊन बघायला लागला. दोनदा घेतला, तीनदा घेतला, आणि धाडकन खाली! टेबलावरचा पेशंट उठून बसला आणि म्हणाला, "डागदर, तुमास्नी बरं न्हाई का?"

* * *

दुसऱ्या वेळी मामानं मध्ये तोंड घातलं. इथल्या एका बंगल्यात एक पेन्शनर सिव्हिल सर्जन राहतात, त्यांच्याकडे वसंताला शिकवणीला पाठवलं. त्या पेन्शनर आजोबांचा मंत्र एकच. "मोठ्या माणसापुढे वाद नाही. काहीही विचारोत, हसायचं आणि म्हणायचं, येस सर."

बिचारा वसंता घोकून गेला. रावबहादुरांनी विचारलं, "भूल दिलेला पेशंट कधी दगावलाय तुमच्या हातून?"

वसंता हसला आणि म्हणाला, "येस सर!"

आजोबांना हे सांगायला मी मुद्दाम बंगल्यावर गेलो. ते म्हणाले, "उत्तर बरोबरच होतं. हसण्यात कमी पडला असेल."

* * *

वसंताला एक खोड आहे. भूल चढली की माणसाची जीभ मागं पडते, घसा बंद होतो, श्वास अडकतो. अशा वेळी जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांखाली बोटं घालून जबडा पुढे उचलून धरायचा. वसंता म्हणतो, भुलीतलं निम्मं शहाणपण ह्या बोटांत आहे. म्हणून कुठंही कुणी घोरताना दिसला की त्याची बोटं शिवशिवतात.

एका दुपारी मामा गल्ल्यावर बसल्या बसल्या घोरत होता. वसंता हळूच मागून गेला आणि जबडा उचलून धरला. घोरणं गप्प! मी घड्याळाकडे बघतोय, वसंता मामाच्या श्वासाकडे बघतोय, तेवढ्यात मामानं डोळे उघडले.

"गळा दाबतोय! पोलीस! गळा दाबतोय!"

अख्खा प्लॅटफॉर्म गोळा झाला. तिकीटबाबू आले, हमाल आले. वसंता सगळ्यांना शांतपणे समजावत होता, "गळा नाही हो, जबडा." ऐकतंय कोण!

मामा अजून त्याच्याकडे पाठ करून बसत नाही.

* * *

आणि आता तिसरी वेळ.

रावबहादूर सुट्टीला लोणावळ्याच्या बंगल्यात आले होते आणि इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळच्याच गाडीनं मुंबईला परत निघाले. बरोबर बाईसाहेब. सेकंड क्लास. ही बातमी पुण्यापर्यंत पोचली होतीच. मी किटली घेऊन चाललो तर त्यांच्या डब्यात समोरच्या बाकावर एका बॅरिस्टरचे चिरंजीव आधीच बसलेले. टाय, हास्य, आणि मांडीवर शिफारशींचं जाडजूड पाकीट. काका बाहेर खिडकीशी. करंडी बाकाखाली!

थर्डच्या डब्याशी वसंता उभा. मी त्याला सांगितलं, "वसंता, सोमाटण्याची खुर्ची पुसून ठेवायला सांग."

त्याचे ओठ पांढरे पडले होते. मला माझाच राग आला. आणि रागात मी नेहमी काहीतरी करतो.

बाईसाहेबांनी मामाकडे गूळदाणीचे दोन मोठे डबे सांगितले होते. एक मी उचलला, दुसरा वसंताच्या हातात कोंबला. "चल, पोचवून येऊ." आत चढलो, डबे बाकाखाली सरकवत होतो, आणि गाडी हलली! सेकंडचा डबा, आतून दुसरीकडे जायला वाट नाही. दोघेही अडकलो.

"राहू दे आता," बाईसाहेब म्हणाल्या. "कर्जतला उतरा." डोळे लाल, चेहरा ओढलेला. बाई झोपेसाठी आसुसलेली होती.

का, ते खंडाळ्याच्या आधीच कळलं. रावबहादूर झोपले. ते घोरणं नव्हतं हो! बोगद्यात शिरलो तरी गाडीपेक्षा तेच ऐकू येत होतं. मधेच श्वास अडकायचा, आम्ही सगळे थांबायचो, मग एक स्फोट व्हायचा आणि पुन्हा सुरू. बॅरिस्टरपुत्र हसतमुखानं ऐकत होते, गाणं ऐकावं तसे.

मी वसंताच्या बोटांकडे बघितलं. शिवशिवत होती.

"वसंता, नाही हं," मी म्हणालो.

तिसऱ्यांदा श्वास अडकला तेव्हा तो उठला, रावबहादुरांच्या डोक्याशी गेला आणि दोन्ही हातांनी जबडा उचलून धरला.

शांतता! चाकांचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

"अहो, साहेबांच्या अंगाला हात लावता?" बॅरिस्टरपुत्र किंचाळले.

"तुम्ही गप्प बसा," बाईसाहेब म्हणाल्या. "मघापासून नुसते हसताय." त्यांनी वसंताकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, शाल ओढली आणि खिडकीला डोकं टेकलं.

कर्जत आलं. वसंता दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, आम्ही उतरतो."

त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं, "खबरदार सोडलंत तर!"

तिकीट चेकर चढला. थर्डचं तिकीट घेऊन सेकंडमध्ये आलेला माणूस आणि त्याच्या हातात रावबहादुरांची हनुवटी! चेकर आ करून बघतच राहिला.

"तिकीट?"

"उपचार चालू आहेत," बाईसाहेब पुटपुटल्या. "दोघांचे पैसे मी देईन. हळू बोला."

कल्याण गेलं. ठाणं गेलं. वसंताच्या हातांना मुंग्या आल्या असणार, पण बोटं हलली नाहीत. दादरला धक्का बसला आणि रावबहादूर जागे झाले. वर बघतात तर वसंताचा चेहरा, उलटा.

"कोण रे तू? हनुवटी का धरलीस माझी?"

"जीभ मागं पडत होती, साहेब."

रावबहादूर उठून बसले. ओरडायला तोंड उघडलं, आणि समोर नजर गेली. बाईसाहेब गाढ झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, चष्मा घसरलेला, लहान मुलीसारख्या.

"ही झोपली?"

"खंडाळ्यापासून."

बोरीबंदर येईपर्यंत रावबहादूर तिच्याकडे बघत राहिले.

दुपारी इंटरव्ह्यू. मी बाहेर बाकावर. दार अर्ध्या फळीचं, सगळं ऐकू येत होतं. बॅरिस्टरपुत्रांच्या शिफारशी वाचायलाच हेडक्लार्कला दोनदा पाणी प्यावं लागलं. मग वसंताची पाळी. खुर्ची सरकल्याचा आवाज. प्रश्न एकही नाही. मला वाटलं, संपलं, सोमाटणं आलं!

हेडक्लार्क वाचत होता. "मुक्काम भाजे, तालुका मावळ. वडिलांचा धंदा शेती. शिफारस नाही."

"आहे," रावबहादूर म्हणाले.

"साहेब, अर्जाला काहीच जोडलेलं नाही."

"मी सांगतो ते लिहा. शिफारस आहे. आमच्या घरून!"